भरलेली गाडी उशिरा ऐकते

बाबा,

वणीतून चंद्रपूर रोडला लागलं की खाणीच्या फाट्यापुढे उजव्या हाताला एक शाळा लागते. तुमच्या वेळी ती दोन खोल्यांची होती. आता लांब कंपाउंड झालंय, आठवीपर्यंत वर्ग आहेत. कोळसा घेऊन जाताना तुम्ही तिच्यासमोरून किती वेळा गेला असाल, कोण जाणे. मी तिथे विज्ञान शिकवते. तुम्ही गेल्यावर मला ही नोकरी लागली, त्यामुळे हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. सांगायचं राहिलेलं तसं बरंच आहे, पण ते सगळं सांगायला मी बसलेली नाही. या हिवाळ्यात शाळेच्या गेटासमोर आमची सहावीतली एक मुलगी कोळशाच्या ट्रकखाली गेली. तेव्हापासून मला तुमच्याशी बोलायचं आहे. आई आता माझ्याकडेच असते, पण तिच्याशी नाही. नवऱ्याशीही नाही. तुमच्याशीच. रडून मोकळं व्हायचं आहे असंही नाही, कारण रडूच येत नाही. त्या दिवशी आलं नाही, नंतरही आलं नाही. मी जेवते, झोपते, तास घेते, भाजी आणते. दात काढताना भूल दिली की आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं आतून झालंय. हात लावला की कळतं काहीतरी आहे, पण ते माझं आहे असं वाटत नाही.

आधी त्या पेटीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. मागच्या वर्षी शाळेला एक मोठी निळी पेटी मिळाली. आत छोट्या मोटारी, चाकं, रंगीबेरंगी वायरी, सेन्सर, आगपेटीएवढ्या सर्किटच्या पाट्या आणि सोबत दोन लॅपटॉप. मला यवतमाळला प्रशिक्षणाला पाठवलं. परत आले तेव्हा मला मुलांपेक्षा फार तर चार गोष्टी जास्त येत होत्या, आणि महिन्याभरात तेवढ्याही उरल्या नाहीत. लॅपटॉपवर रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे, म्हणजे प्रोग्राम तयार होतो. तो केबलने त्या पाटीत उतरवायचा, मग वस्तू त्याबरहुकूम चालते. शाळेत एरवी चूक केली की लाल शाई मिळते. इथे चूक केली की गाडी उलटी जायची, गोल गोल फिरायची, नाहीतर नुसतीच गुरगुरायची, आणि मुलं हसून हसून लोळायची. मग पुन्हा लॅपटॉपवर वाकायची, कोणता ठोकळा चुकला ते शोधायला. त्यांना चुकीची भीती वाटेनाशी झाली होती. हे मी इतकी वर्षं शिकवून कधी पाहिलं नव्हतं.

आमची पहिली गाडी वीतभर होती. पुढे दोन डोळ्यांसारखा दिसणारा सेन्सर. तो समोरच्या वस्तूचं अंतर मोजतो. ठरवलेल्या अंतरावर भिंत आली की गाडी थांबली पाहिजे, एवढंच काम. ती पहिल्यांदा नीट थांबली तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की शेजारच्या वर्गावरच्या मॅडम काय झालं म्हणून धावत आल्या. सहावी-सातवी माझ्याकडे एकाच वर्गात बसते, त्यांच्या मी जोड्या लावल्या होत्या. ती मुलगी आणि तिची मैत्रीण ही एक जोडी. मैत्रीण याच बाजूच्या वस्तीतली, शाळेला लागून घर. ती मुलगी रोडपलीकडच्या गावातली, ऑटोने यायची. आईवडील दोघं मजुरीला. मुलगी बारीक, काळीसावळी, बोलायला फटकळ. मी एकदा तिला म्हणाले, "अगं, स्क्रू एवढा आवळू नको, आटे जातील." तर म्हणते, "मॅडम, सैल ठेवला तर निंगते, मंग तुमीच म्हनता बरोबर नाही लावला." वर्गात मागे बसणारी ही मुलगी पेटी उघडली की सगळ्यांत पुढे असायची. गाडी ज्या जोडीच्या हाती आधी येईल तिला आधी चालवायला मिळायची, म्हणून सकाळी त्या दोघींची घाई असायची.

त्या दिवशीही घाईच होती. थंडी होती, धुकं नव्हतं. हे मी पोलिसांनाही सांगितलं, धुकं नव्हतं, स्वच्छ दिसत होतं. ऑटो पलीकडे थांबला. मैत्रीण गेटात उभी होती. एक ट्रक गेला, त्याच्यामागे धूळ उठली, आणि ती मुलगी धुळीतून इकडे निघाली. दुसरा ट्रक त्याच धुळीत होता. मी व्हरांड्यात हजेरीची तयारी करत होते. ब्रेकचा आवाज आला. तो तुम्हाला माहीत आहे, हवा सुटल्यासारखा लांबलचक. मी मान वर करायच्या आधीच मला कळलं होतं की गाडी भरलेली आहे. काय झालंय ते नंतर कळलं, गाडी भरलेली आहे हे आधी कळलं. पुढचं लिहीत नाही. शेजारच्या मॅडमनी आपली शाल टाकली. मी मुलांना वर्गात घातलं, दारं लावली. मुलं रडत होती. मी फळ्यावर तारीख लिहिली आणि त्यांना बेचा पाढा म्हणायला लावला. सहावी-सातवीच्या मुलांना बेचा पाढा. आणि मुलं म्हणत होती.

ड्रायव्हर पळाला नाही. उत्तरेकडचा होता, तरुण, पंचविशीचा असेल नसेल. खाली उतरून चाकाजवळ उकिडवा बसला होता. गावातले लोक शेतातून धावत आले आणि त्याला धरलं. मुख्याध्यापक सर मधे पडले, त्यांचाही चष्मा फुटला. कसंबसं त्याला ऑफिसात आणून बाहेरून कडी लावली. पोलीस येईपर्यंत सर दाराशी उभे होते. मला म्हणाले, "मॅडम, त्याला पाणी द्या जरा." मी पेला घेऊन आत गेले. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं, एका पायात चप्पल नव्हती. पेला त्याने दोन्ही हातांनी धरला, पण तोंडाला लावला नाही. मला विचारलं, "मॅडम, बच्ची?" मी त्याच्याकडे बघत राहिले. उत्तर दिलं नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही. पेला टेबलावर ठेवला आणि बाहेर लोक दारावर थापा मारत होते तिकडे बघत बसला. मी तिथे उभी होते आणि मला तुमचा चेहरा दिसत होता. सारखा नव्हता त्याचा चेहरा, नाकडोळे काहीच सारखं नव्हतं. पण तोंडावर काहीच नव्हतं, आणि ते तुमच्यासारखं होतं.

मी चौथी-पाचवीत असेन तेव्हाचा तो दिवस. तुम्ही दिवसपाळीला गेलेले, आणि पाळी संपायच्या आत, दुपारीच घरी परत आलात. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तुम्ही चपला न काढता आत आलात आणि भिंतीला टेकून खाली बसलात. आई म्हणाली, "काहून आले? गाडी बंद पडली का?" तुम्ही म्हणालात, "चहा टाक." आईने चहा टाकला. तुम्ही तो बशीत ओतला आणि बशी समोर ठेवून दिली. मग तुम्ही कोपऱ्यातला रॉकेलचा स्टोव्ह ओढून घेतला, त्याचा बर्नर काढला आणि पिनेने साफ करायला लागलात. स्टोव्हला काही झालेलं नव्हतं. चहावर साय आली, तरी तुम्ही पिन घालत होतात. शेजारचे काका आले तेव्हा त्यांच्या बोलण्यातून आम्हाला कळलं, सायकलवरून कामाला निघालेला एक माणूस तुमच्या गाडीखाली आला होता. तुम्ही पोलीस ठाण्यात जाऊन आला होतात, मालकाने सोडवून आणलं होतं. आईने भाकरी तव्यावरच ठेवली, ती जळाल्याचा वास घरभर झाला. त्या घरात त्यानंतर या विषयावर कधी कोणी बोललं नाही. मी एकदा विचारलं होतं, "बाबा, त्या माणसाले लेकरं होती का?" तुम्ही म्हणालात, "बाहेर जाऊन खेळ." आवाज चढवला नव्हता, तरी मी पुन्हा विचारलं नाही.

शाळेत मात्र माझ्याजवळ कोणी बसेना. एका मुलीने सांगितलं, "तुह्या बापानं मानूस मारला, माही आई म्हनते." हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आणि सायकलचं तर तुम्हाला आठवत असेल. मोठ्या शाळेत जायला लागले की सायकल घेऊन देईन, असं तुम्ही स्वतःहून म्हणाला होतात. मोठी शाळा आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "सायकल नाही म्हणजे नाही." आई भांडली, मी दोन दिवस जेवले नाही. तुम्ही वणीच्या बाजारातून बूट आणून दिलेत, काळे, एक नंबर मोठे, आणि म्हणालात, "रोडच्या खालून चालायचं, डांबरावर पाय नाही ठेवायचा." मी ते बूट घालून धुळीतून चालत जायची आणि बाकीच्या मुली घंटी वाजवत पुढे जायच्या. मला तेव्हा तुमचा राग यायचा. सायकल का घेतली नाहीत, ते मला समजायला किती वर्षं गेली. म्हणजे कळलं होतं आधीच, पण समजलं फार उशिरा.

मुलगी गेल्यावर रस्ता रोको झाला, साहेब लोक येऊन गेले, स्पीड ब्रेकर करू म्हणाले. शाळा चार दिवसांनी उघडली. मी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. कोणी मागितलीही नाही. मुलं आपापल्या जागी बसायची, सांगितलं तेवढं लिहायची. मैत्रीण तर बोलायचीच थांबली. हजेरीला "हजर मॅडम" म्हणायची, तेही ओठांतल्या ओठांत. तिच्याशेजारची जागा रिकामी होती, म्हणून मी सातवीतल्या एका मुलीला तिथे बसायला सांगितलं. मला तेव्हा लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि मी तसंच केलं, सांगता येत नाही. त्या मुलीचे वडील कोळशाचा ट्रक चालवतात. मैत्रीण ताडकन उठली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज मोठा निघाला. "मले तिच्यासंग नाही बसायचं. तिचा बाप बी ट्रकच चालवते." ड्रायव्हरची मुलगी म्हणाली, "माह्या बाबानं कोनाले नाही मारलं." आणि आपलं दप्तर घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मी पुस्तक उघडलं आणि धडा वाचायला लागले. माझा आवाज नीट निघत होता. वाक्यं संपत होती, पुढची सुरू होत होती.

पेटी उघडली ती मैत्रिणीनेच. एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, आपली गाडी भिंतीले पाहून थांबते. मंग ट्रक काहून नाही थांबत? ट्रकले असा सेन्सर काहून नाही लावत?" मी किल्ली काढून दिली. दुसरं काही सुचलं नाही. गाडीत जुनाच प्रोग्राम होता. गाडी सोडली, भिंतीपाशी जाऊन थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा थांबली. ती म्हणाली, "पाहा." शेवटच्या बाकावरून ड्रायव्हरची मुलगी म्हणाली, "हे रिकामी आहे. रिकामी तर थांबनच." मग ती उठली, बाहेर गेली आणि रोडच्या कडेला पडलेले कोळशाचे तुकडे ओंजळभर घेऊन आली. गाडीवर ठेवले, वरून रबर बँड लावला. "आता सोडा." मैत्रिणीने गाडी सोडली. सेन्सरने भिंत पाहिली, मोटार त्याच जागी बंद झाली, चाकंही थांबली, पण गाडी गुळगुळीत फरशीवरून घसरत गेली आणि भिंतीला आपटली. कोळसे सांडले. वर्गातली सगळी मुलं भोवती जमली होती. पुन्हा भरली, पुन्हा सोडली, पुन्हा आपटली. मैत्रीण बराच वेळ त्या गाडीकडे बघत होती. मग लॅपटॉपवर बसली आणि अंतराचा आकडा वाढवला. आपटली. आणखी वाढवला. शेवटी गाडी भिंतीपासून थोडी अलीकडे थांबली. तेव्हा ती ड्रायव्हरच्या मुलीला म्हणाली, "म्हंजे त्याले लवकर दिसाले पाहिजे होतं." ती म्हणाली, "हो. अन् धूळ होती."

त्या वेळी मला तुमची केबिन आठवली. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही मला सोबत घेऊन गेला होतात, आईचा विरोध असताना. ड्रायव्हरच्या सीटमागच्या फळीवर मी बसले आहे. काचेवर लिंबू-मिरची लटकते आहे, इंजिनाची धग पायाला लागते आहे, तुमच्या मानेवरचा टॉवेल घामाने काळा झालाय. रेल्वेच्या सायडिंगला कोळसा ओतून आपण रिकामे परत येतोय आणि तुम्ही रस्ता मोकळा बघून ब्रेक दाबता. गाडी जागच्या जागी थांबते, मी पुढे आपटता आपटता वाचते आणि हसते. मग खाणीतून भरून निघाल्यावर तुम्ही तसाच ब्रेक दाबता, आणि गाडी थांबतच नाही. थांबते, पण किती पुढे जाऊन. तुम्ही म्हणता, "रिकामी गाडी आपलं लगेच आयकते. भरलेली बी आयकते, पन उशिरा. तिच्यावर कायले चिडायचं. आपणच आधी सांगाचं." मी तेव्हा शेंगदाणे खात होते. हे सायकलवाल्याच्या आधीचं की नंतरचं, तेवढं मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला आठवायचा. आधीचं असेल तर ती एक गंमत होती. नंतरचं असेल तर तुम्ही मला काहीतरी सांगत होतात, आणि मी शेंगदाणे खात होते.

मुलांनी दिवा करायचं ठरवलं. शाळेचं कंपाउंड लांब आहे, त्याच्या दोन्ही टोकांना ड्रायव्हरला लांबून दिसतील असे पिवळे लुकलुकणारे दिवे. पोरं रस्ता ओलांडणार असली की दिवे लागले पाहिजेत. पहिल्यांदा त्यांनी सेन्सर लावला, कोणी जवळ आलं की दिवा आपोआप लागेल असा. दिवसभर दिवा लागलेलाच. बकऱ्या आल्या, दिवा लागला. वाऱ्याने पोतं उडालं, दिवा लागला. दोन दिवसांत सेन्सरच्या डोळ्यांवर कोळशाचा थर बसला आणि तो काहीच नसताना काहीतरी आहे म्हणून सांगायला लागला. ड्रायव्हरची मुलगी म्हणाली, "सारखा लागून राह्यला तं कोनी त्याच्याकडं पाह्यनार नाही. माहे बाबा बी नाही पाह्यनार." मग सेन्सर काढून टाकला आणि गेटापाशी साधं बटण बसवलं. बटण दाबलं की दिवे सुरू, ठरावीक वेळाने आपोआप बंद. सकाळी आणि शाळा सुटताना दोघांची पाळी. एका मुलाला वाईट वाटलं, म्हणाला, "मॅडम, मंग हे रोबोट नाही झालं." मैत्रीण म्हणाली, "नाही तं नाही." पिवळ्या काचा ड्रायव्हरच्या मुलीने घरून आणल्या. तिच्या वडिलांच्या गाडीचे जुने इंडिकेटर होते, कडेला तडे गेलेले. मैत्रिणीने ते हातात घेतले, फडक्याने पुसले आणि बसवायला लागली. मला वाटलं होतं ती नको म्हणेल.

त्याच दिवशी केव्हातरी, दोघी वायरींना टेप गुंडाळत बसल्या होत्या. मी जवळच वह्या तपासत होते. मैत्रीण मान खाली घालूनच म्हणाली, "मीच आवाज देल्ला होता तिले. ये लवकर, गाडी आपल्याले भेटली, असं." टेप गुंडाळणं थांबलं नव्हतं. माझा पेन थांबला. तिला जवळ घ्यावं, सांगावं की तुझी चूक नाही, हे मला माहीत होतं. शिक्षक म्हणून काय बोलायचं असतं ते सगळं मला येतं. पण माझा हात उचलला गेला नाही. ड्रायव्हरची मुलगी म्हणाली, "आवाज तं सगळेच देतात. मी रोज देतो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "इकडून पकड, सैल पडून राह्यली वायर." आणि तिने पकडली. त्या दिवसापासून त्या एका बाकावर बसतात. मी एवढंच केलं की त्या दिवशी पेटीला कुलूप लावलं नाही.

सरपंचांनी खांब दिले, गावातल्या वेल्डिंगवाल्याने पत्र्याच्या पेट्या करून दिल्या, वर एक छोटं सोलर पॅनल बसवलं. कापसाची वेचणी संपत आली होती, दुपारी ऊन तापायला लागलं होतं. पहिल्या दिवशी सगळी शाळा कंपाउंडच्या आतून बघत होती. मैत्रिणीने बटण दाबलं. पहिला ट्रक तसाच निघून गेला. दुसऱ्याने हॉर्न वाजवला आणि गेला. पोरांचे चेहरे उतरले. तिसऱ्याने वेग कमी केला, थांबला नाही. मग एक लांबूनच हळू होत आला आणि गेटाच्या बराच अलीकडे थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून "जा, जा" केलं. पोरं पलीकडे गेली, उगाचच, कोणाला जायचं नव्हतं. टाळ्या वाजल्या. मुख्याध्यापक सरांनी नवा चष्मा काढून डोळे पुसले. अजून तसंच आहे. काही थांबतात, काही नाही. स्पीड ब्रेकरचा अर्ज पुढे गेलाय म्हणतात.

आठवड्याभराने त्या मुलीची आई आली. मजुरीवरून परतताना, डोक्याला फडकं, कमरेला कापूस वेचायची ओटी तशीच बांधलेली. गेटापाशी उभी राहून दिव्याकडे बघत होती. मी बाहेर गेले. मैत्रीण माझ्यामागे येऊन उभी राहिली. आईने विचारलं, "हे पोरायनं केलं?" मी हो म्हणाले. तिने बटणावर हात ठेवला, दाबलं. दिवे लुकलुकायला लागले. बंद होईपर्यंत ती बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, मंग हे पह्यले काहून नाही केलं?" रागाने नाही विचारलं. दुकानात भाव विचारतात तसं विचारलं. मी म्हणाले, "सुचलं नाही, बाई." ती मान हलवत म्हणाली, "हो, कसं सुचन." मैत्रिणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रोडच्या खालून, धुळीतून चालत गेली. मी तिच्यासमोर उभी होते, बाबा, आणि मला काहीच वाटत नव्हतं. फक्त कान गरम झाले होते.

तुम्हाला विचारायचं होतं ते हे. तुम्ही महिन्याभराने पुन्हा त्याच रोडवर गाडी घेऊन गेलात. त्या जागेवरून रोज जात होतात, भरून आणि रिकामे. ते कसं केलंत? त्या दिवशी ठाण्यात तुम्हाला कोणी पाणी दिलं का? तुम्ही कोणाला विचारलं का, की तो माणूस आहे की गेला? आणि कोणी उत्तर दिलं का? मला वाटायचं, तुम्ही विसरलात, म्हणून बोलत नाही. आता वाटतं, तुमचंही सगळं भूल दिल्यासारखं झालं असेल, आणि ती भूल कधी उतरलीच नसेल. किंवा उतरली असेल आणि आम्ही तुम्हाला विचारलंच नाही. त्या ड्रायव्हर पोराला मी उत्तर द्यायला पाहिजे होतं. तो आता जामिनावर सुटून गावी गेला म्हणतात.

मुलं आता दुसऱ्याच कशाच्या मागे आहेत. पोषण आहाराच्या खोलीत धूर होतो, तो वाढला की पंखा आपोआप लागेल असं काहीतरी त्यांना करायचंय. स्वयंपाक करणाऱ्या मावशी त्यांना हाकलून हाकलून थकल्या. वर्गात पुन्हा हसणं ऐकू येतं. मैत्रीण आता स्क्रू सैल राहिला की पोरांना ओरडते. मी त्यांच्यात बसते, बघते, चुकलं तर सांगते, बहुतेक वेळा तेच मला सांगतात. सगळं नीट चाललंय. हे पत्र मी कुठे पाठवणार नाही, कोणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. तिला तो स्टोव्ह आठवेल.

फक्त एक गोष्ट आहे, ती कोणालाच माहीत नाही. सकाळी वणीची बस मला शाळेसमोर, रोडच्या पलीकडच्या बाजूला सोडते. दोन्हीकडे रोड मोकळा दिसत असतो, तरी माझा पाय उचलत नाही. मी स्टॉपवर पिशवी सांभाळत उभी राहते. मग ऑटो येतो, पोरं उतरतात, गेटातून कोणीतरी बटण दाबतं, आणि एखादी छोटी पोर येऊन माझं बोट धरते. मग मी ओलांडते. मुलांना वाटतं, मॅडम आपल्याला सांभाळायला थांबतात.